सव्वा तास आधी

मित्रांनो, मी एक जुना हिरवा पासपोर्ट आहे. माझे दिवस संपलेत, ते मला पाहिल्याबरोबर कळतं, कारण माझा एक कोपरा कात्रीने कापलेला आहे. माणसांना निवृत्त करताना हार घालतात, आम्हाला कात्री लावतात. पद्धत वेगळी, भावना तीच.

सध्या माझा मुक्काम लंडनच्या ईलिंग भागातल्या एका घरात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. झाकणावर घागरा घातलेला एक स्कॉटिश गृहस्थ वर्षानुवर्षं बॅगपाइप वाजवतो आहे. आत मी आहे, आणि माझ्याखाली माझ्याहून म्हातारा एक तपकिरी पासपोर्ट आहे. त्याच्याविषयी पुढे सांगेन. मी छापला गेलो जर्मन भाषेत, पण कानावर कायम मराठीच पडली. त्यामुळे माझ्या पानांवर जर्मन आणि पोटात मराठी आहे. नेमकी हीच अवस्था माझ्या मालकिणीची. तिचं नाव रूथ झिराडकर.

रूथ मूळची जर्मनीतल्या कासेल गावची. माहेरचं आडनाव वाइनबर्ग. घर ज्यू. ती दहा वर्षांची असताना, १९३९ साली, तिचे वडील तिला घेऊन मुंबईला पळून आले. वडील दातांचे डॉक्टर होते. भायखळ्याला त्यांनी दवाखाना थाटला आणि अर्ध्या मोहल्ल्याचे दात सांभाळले. रूथ तिथेच शाळेत गेली, तिथेच भांडायला शिकली, आणि भांडण मराठीतून करता येऊ लागलं की भाषा आली असं समजायला हरकत नाही.

त्या वेळी तिच्याजवळ जो पासपोर्ट होता, तोच हा माझ्याखालचा तपकिरी म्हातारा. तो उघडला की नाव दिसतं, रूथ सारा वाइनबर्ग. मित्रांनो, तिच्या आईवडिलांनी तिचं नाव सारा ठेवलं नव्हतं. तिथल्या नाझी सरकारने हुकूम काढला होता की प्रत्येक ज्यू बाईने आपल्या नावाला सारा हे नाव जोडावं, म्हणजे कागद पाहताच ओळखता येईल. नाव वाईट नव्हे, चांगलं आहे. पण एखाद्याच्या नावात त्याला न विचारता घुसणं ही गोष्ट दाराची कडी न वाजवता घरात घुसण्यासारखीच आहे. पुढे १९४१ साली त्याच सरकारने दुसरा हुकूम काढला की देशाबाहेर राहणारे ज्यू आता जर्मन नाहीत. भायखळ्यात बारा वर्षांची मुलगी पाटीवर गणित सोडवत बसली होती, आणि तिला पत्ताही न लागता तिचा देश वजा झाला.

युद्ध संपलं. नवा कायदा आला. त्यात लिहिलं होतं की ज्यांचं नागरिकत्व असं हिसकावून घेतलं, त्यांनी मागितलं तर ते परत मिळेल. रूथच्या वडिलांनी मागितलं नाही.

"चोराने परत आणून दिलेलं घड्याळ मी मनगटावर बांधणार नाही," ते म्हणाले.

"पपा, पण घड्याळ चोराचं नाहीये," रूथ म्हणाली. "माझं आहे."

हा वाद वडील जाईपर्यंत चालला आणि त्यात कोणीच हरलं नाही. मला दोघांविषयी सारखाच आदर आहे. पण माझा जन्म रूथच्या बाजूमुळे झाला, म्हणून मत देताना मी थोडा तिच्याकडे झुकतो, हे कबूल करतो.

रूथने लग्न केलं ते हिलेल झिराडकरशी. हिलेल बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा ज्यू. तो नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होता. १९६२ साली दोघं लंडनला आले, हिलेल कौन्सिलमध्ये लागला, पुढच्या वर्षी मुलगी झाली, जेमिमा. आणि १९६४ साली रूथने पश्चिम जर्मनीच्या वकिलातीत अर्ज करून आपलं घड्याळ परत घेतलं. तेच मी.

माझा जन्म मला स्वच्छ आठवतो. काचेपलीकडे चष्मा लावलेल्या, ओठ घट्ट मिटलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणखी नावं?"

"नाही," रूथ म्हणाली. "एकच. जन्माच्या दाखल्यावर आहे तेवढंच."

बाईंनी माझ्यात लिहिलं: रूथ झिराडकर, माहेरचं वाइनबर्ग. उंची अमुक, डोळे करडे, विशेष खुणा काही नाहीत. एवढं सगळं होऊनही विशेष खूण काही नाही! मी त्याच क्षणी या बाईच्या प्रेमात पडलो.

माझी उमेदीची वर्षं तशी शांत गेली. कस्टम, इमिग्रेशन, काउंटर. १९६७ साली तिने मला मुंबईला नेलं, तिथे माझ्यावर एक जांभळा शिक्का बसला आणि हापूसचा एक डागही पडला, जो अजून पान सातवर आहे. परत येताना आमच्याबरोबर हिलेलची आई बथशेबाबाई कायमच्या राहायला आल्या. विमानतळावर दोन रांगा होत्या. एका रांगेत कॉमनवेल्थची माणसं, तिथे हिलेल, त्याची आई आणि जेमिमा. दुसऱ्या रांगेवर पाटी होती 'एलियन्स'. तिथे रूथ, हातात मी.

"ती तिकडे का?" बथशेबाबाईंनी लेकाला विचारलं. "काही चोरलंय का तिने?"

"नाही आई. ती परकी आहे."

"भायखळ्याची आहे ती!" बथशेबाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की दोन्ही रांगांनी मागे वळून पाहिलं. त्या दिवसापासून त्यांनी एकच ध्यास घेतला, आपलं सगळं घर एका रांगेत उभं राहिलं पाहिजे.

रूथला मात्र रांगेचं एवढं वाटत नव्हतं. पत्ता बदलला की पोलिसांना कळवायला जावं लागे, तेही ती करत असे. प्रश्न आला तो नोकरीमुळे. ती एका सरकारी प्रयोगशाळेत जर्मन शास्त्रीय लेखांचं भाषांतर करायची. दहा वर्षांची होईपर्यंत शिकलेले जर्मन शब्द तिने रात्रशाळेत बसून पुन्हा घासूनपुसून लख्ख केले होते, आणि तिची भाषांतरं एवढी नेटकी असत की साहेब लोक मूळ लेख वाचायचेच बंद झाले. १९७० साली तिथे कायमची जागा निघाली. साहेब म्हणाले, जागा तुमचीच आहे, फक्त ब्रिटिश नागरिक व्हा; १ जुलै १९७१ पर्यंत कागद आणा, नाहीतर दुसऱ्याला घ्यावं लागेल.

हिलेल एव्हाना ब्रिटिश नागरिक झाला होता. त्याची बायको म्हणून रूथला नुसती नोंदणी करून राणीपुढे निष्ठेची शपथ घ्यायची होती. सोपं काम. पण रूथने आधी वकिलातीत जाऊन नियम वाचला. माझ्या जातीच्या लोकांना तो नियम पाठ असतो. जर्मन माणसाने आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मागून घेतलं की त्याचं जर्मन नागरिकत्व त्याच क्षणी जातं. मात्र ते राखण्याची लेखी परवानगी जर त्याने आधी घेतली असेल तर जात नाही. आधी, मित्रांनो. परवानगीचा कागद हातात पडायच्या आधी दुसरं नागरिकत्व मिळालं, तर नंतर तो कागद आला काय नि न आला काय. मी त्याच क्षणी रद्दी.

घरी यावर चर्चा झाली.

"दोन दोन कशाला?" हिलेल म्हणाला. "दोन छत्र्या घेऊन कोणी फिरतं का?"

"लंडनमध्ये?" रूथ म्हणाली. "हो."

"अगं पण त्या देशाने तुला हाकललं. एकदा गेलीयेस का तिकडे परत? पासपोर्ट काढून सहा वर्षं झाली."

"नाही गेले. जाईन तेव्हा पाहुणी म्हणून जाणार नाही."

परवानगीच्या अर्जात कारण लिहावं लागतं. लोक तिथे पानंच्या पानं लिहितात म्हणे. रूथने तीन वाक्यं लिहिली. 'एकदा ते मला न विचारता काढून घेतलं. परत मिळालं तेव्हा ते मला मागावं लागलं. आता ते माझ्या हातून नकळत सांडू नये, एवढीच इच्छा आहे.' चष्मेवाल्या बाईंनी ते वाचलं, पेन्सिलीने कशाखालीही रेघ मारली नाही, आणि नोव्हेंबरमध्ये अर्ज जर्मनीला रवाना केला.

आता हिलेलविषयी थोडं सांगायला हवं. तो उत्तम माणूस होता. त्याचा एकच दोष होता, त्याला फॉर्म भरायला आवडायचं. ड्राफ्ट्समनचं अक्षर, काळी शाई, चौकटीत नेमकं बसणारं. कोरा फॉर्म दिसला की त्याला राहवत नसे. गॅसचा, शाळेचा, शेजारच्या डॉक्टर श्रीनिवासांचा, कोणाचाही. १९७१च्या जानेवारीत पोस्टाचा मोठा संप झाला. सात आठवडे अख्ख्या देशात पत्र हललं नाही. आणि फेब्रुवारीत रूथचा वाढदिवस होता. हिलेलने ठरवलं की बायकोला सरप्राइज द्यायचं. त्याने तिच्या ब्रिटिश नोंदणीचा फॉर्म भरला, तो कौन्सिलच्या शाळाप्रवेशाच्या कागदांमध्ये सरकवून खाली तिची सही घेतली, आणि पोस्ट बंद म्हणून ट्यूबने स्वतः जाऊन सरकारी कार्यालयात देऊन त्याची पोच घेऊन आला. त्या संपात वेळेआधी पोहोचलेलं ते बहुधा एकमेव पत्र असावं.

वाढदिवसाला केकबरोबर त्याने पोच दिली.

रूथने पोच वाचली. एरवी ती नवऱ्याला 'हिलेल' आणि 'तू' म्हणायची. 'अहो' ती फक्त संतापली की म्हणायची.

"अहो," ती म्हणाली.

हिलेलने सुरी खाली ठेवली.

"अहो झिराडकर, माझी सही मला न सांगता घेतलीत?"

"अगं, तुझ्याच भल्यासाठी..."

"भल्यासाठी." ती एवढंच म्हणाली आणि डबा उघडून तिने मला नव्हे, माझ्याखालच्या म्हाताऱ्याला बाहेर काढलं, आणि टेबलावर हिलेलसमोर उघडून ठेवलं. रूथ सारा वाइनबर्ग. हिलेलने ते नाव वाचलं. केक कोणी कापला नाही. शेवटी आठ वर्षांच्या जेमिमाने विचारलं, "ममी, हा सारा कोण आहे?" आणि बथशेबाबाई तिला घेऊन आत गेल्या.

त्या दिवसापासून हिलेलने फॉर्मला हात लावायचा सोडला, आणि ज्या माणसाने छंद सोडला त्याचं दुःख मी समजू शकतो. पण बाण सुटला होता. अर्ज मागे घ्यावा तर जुलैची नोकरी जात होती. ठेवावा तर शर्यत होती. ब्रिटिश कागद आधी पोहोचतो की जर्मन?

मार्चमध्ये संप मिटला आणि पत्रांचा लोंढा आला. त्यात जर्मनीचं पत्र होतं. परवानगी नव्हे, शंका. त्यांनी नम्रपणे लिहिलं होतं की अर्जासोबत दोन वेगळ्या बायकांचे कागद आलेले दिसतात. एक रूथ झिराडकर. दुसरी, मुंबईचा लग्नाचा दाखला आणि लंडनच्या पोलिसांची नोंद यांवरची, रूथ हिलेल झिराडकर. हिलेल हे पुरुषाचं नाव आहे. हा हिलेल कोण, आणि तो बाईच्या नावात काय करतो, याचा खुलासा शपथपत्राने करावा.

"मी काय करतो म्हणजे?" हिलेल म्हणाला. तो मनापासून दुखावला होता.

यात चूक कोणाची, तर कोणाचीच नाही. मराठी माणसाला नाव विचारा, तो स्वतःचं, बापाचं आणि गावाचं सांगतो. मराठी बाई स्वतःचं, नवऱ्याचं आणि गावाचं सांगते. मधलं नाव म्हणजे पत्ताच जणू. रूथच्या मुंबईतल्या प्रत्येक कागदावर हिलेल होताच. फक्त माझ्यात नव्हता, कारण तिने मला जन्माच्या दाखल्याबरहुकूम बनवून घेतलं होतं. कासेलची रूथ आणि भायखळ्याची रूथ एकाच कोटात लंडनभर फिरत होत्या, आणि दोघींची ओळख करून द्यायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

शपथपत्र द्यायला कोण? बथशेबाबाई म्हणाल्या, "मी देते."

"आई, तिथे जर्मन बोलतात."

"बोलू देत. मी कुठे अडवलंय?"

मग त्या आठवड्यात सासूसुना वकिलातीत गेल्या. नऊवारीवर लोकरी कोट, पायात मोजे, हातात स्वतःचा भारतीय पासपोर्ट. चष्मेवाल्या बाई विचारत जर्मनमध्ये, रूथ सांगे मराठीत, बथशेबाबाई उत्तर देत आणि मग तोच प्रवास उलटा होई. मी काचेखाली पडून ऐकत होतो.

"तिला विचार," बथशेबाबाई म्हणाल्या, "यांच्यात बायको नवऱ्याचं नाव नाही लावत?"

"आडनाव लावतात, म्हणतात."

"नुसतं आडनाव? आमच्या मोहल्ल्यात झिराडकर चाळीस. नुसतं झिराडकर लिहिलं तर पोस्टमन रडेल. हे बघ म्हणावं." त्यांनी आपला पासपोर्ट उघडून पुढे सरकवला. "मी बथशेबा योएल. योएल माझे मिस्टर. माझा लेक हिलेल योएल. त्याची बायको रूथ हिलेल. आता सांग म्हणावं, कोण कोणाचं ते एका ओळीत कळलं की नाही? यांना त्यासाठी केवढं कपाट लागतंय!"

रूथने कपाटाचा भाग भाषांतरातून गाळला. पण बाईंनी कपाटाकडे पाहिलंच.

मग बाईंनी फाइल उलटली. त्यांचं बोट एका जुन्या पानावर थांबलं. त्या पानावर सारा होती, खोडलेली, पण दिसणारी. पुढचा प्रश्न त्यांनी हळू आवाजात विचारला.

"हे हिलेल नाव... तेही तुम्हाला लावावंच लागलं का?"

रूथने क्षणभर सासूकडे पाहिलं. या प्रश्नाचं भाषांतर तिने केलं नाही. उत्तर तिने स्वतः दिलं.

"पहिलं मधलं नाव मला सरकारने लावलं. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. दुसरं मी सिनेगॉगमध्ये घेतलं, हातावर मेंदी असताना, सगळ्यांसमोर, विचारल्यावर. तेव्हा मी हो म्हटलं होतं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. मग टाइपरायटर ओढून शपथपत्र लिहायला घेतलं. मित्रांनो, मी अनेक काउंटर पाहिले आहेत. काउंटरपलीकडचं माणूस खुर्चीतून उठून एखाद्या अर्जदाराशी हात मिळवतं, हे मी त्या दिवशी एकदाच पाहिलं. बथशेबाबाईंनी हात मिळवून वर पिशवीतून करंजीही काढून दिली.

"काय म्हणते ती?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"म्हणतात, तुमच्यासारखा साक्षीदार त्यांच्याकडे आजवर आला नाही."

"तो कसा येईल? मी पहिल्यांदाच आलेय."

मेअखेर ब्रिटिश सरकारचं पत्र आलं. अर्ज मंजूर. सोबत निष्ठेच्या शपथेचा कागद. शुक्रवार, २५ जूनपर्यंत वकिलासमोर शपथ घ्यावी, मुदत वाढणार नाही. शपथेनंतर नोंद कोणत्या दिवशी होईल ते सरकारच्या हातात होतं. रूथच्या हातात फक्त शपथ होती, तेवढीच तिने धरून ठेवली.

एक आठवडा गेला, दोन गेले. जर्मनीचा कागद नाही. हिलेल रोज पोस्टमनची वाट पाहत दारात उभा राही, जणू तोच आपली शिक्षा आणणार आहे. शेजारच्या उल्काताई म्हणाल्या, "अगं, घेऊन टाक शपथ. कोण तारीख बघतंय?"

"मी बघतेय," रूथ म्हणाली.

गुरुवारी हिलेलने तिला समोर बसवलं. "रूथ, चूक माझी आहे. पण नोकरी तुझी आहे. इतकी वर्षं मेहनत केलीस. उद्या कागद नाही आला तर?"

"तर शपथ नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. नोकरी मला पुन्हा कोणीतरी देईल, हिलेल. हे दुसऱ्यांदा कोणी देणार नाही."

तिने त्याला 'हिलेल' म्हटलं हे त्याच्या लक्षात आलं. माझ्याही आलं.

शुक्रवारी दुपारी अडीच वाजता फोन वाजला. चष्मेवाल्या बाई. वकिलातीच्या टपालाच्या थैलीत कागद आला होता. पण तो सहीनिशी हातोहात द्यावा लागतो, आणि काउंटर बाराला बंद झाला होता. "मागच्या दाराने या," बाई म्हणाल्या. "मी थांबते."

वकिलासमोरची वेळ होती साडेचार. रूथ माझ्यासह धावत सुटली. जाताना हिलेलला आणि सासूला म्हणाली, "तुम्ही दोघं वकिलाकडे जाऊन बसा. त्याला पाचपर्यंत उठू देऊ नका."

मागच्या दाराने आम्ही आत गेलो. बाईंनी मला उघडलं, नाव पाहिलं, कागदावरचं नाव पाहिलं, आणि मग पोचपावतीवर तारीख लिहिली. तारखेपुढे वेळ लिहायची पद्धत नव्हती. त्यांनी लिहिली. २५ जून १९७१, दुपारी तीन चाळीस.

"लागेल कधीतरी," त्या म्हणाल्या. "आमच्या लोकांना कपाटं आवडतात."

ट्यूबमध्ये रूथ बसली नाही. जागा होती, तरी उभी राहिली, पर्स छातीशी धरून. पर्समध्ये मी आणि तो नवा कागद अंगाला अंग लावून होतो. मी जिवंत होतो. पण अजून वकिलाचं दार उघडं असायला हवं होतं.

तिकडे काय झालं, ते नंतर घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं की मी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगू शकतो. पावणेपाचला वकीलसाहेबांनी टोपीकडे हात नेला. बथशेबाबाईंचं इंग्रजी तीन शब्दांचं होतं, ते त्यांनी सगळं खर्च केलं.

"सिट," त्या म्हणाल्या. करंज्यांचा डबा उघडला. "ईट." आणि दाराकडे बोट दाखवून, "कमिंग."

वकीलसाहेब बसले. त्या बाईंसमोर मोठमोठे लोक बसले असते. दुसरी करंजी अर्धी झाली असताना रूथ आत आली.

साहेबांनी मिशीवरचं खोबरं पुसलं, शपथेचा कागद घेतला, माझ्याशी ताडून पाहिला आणि भुवई उंचावली. "मॅडम, इथे एक जास्तीचं नाव आहे. हिलेल कोण?"

"मी!" हिलेल एवढ्या जोरात म्हणाला की साहेब दचकले.

"माझ्या नवऱ्याचं नाव आहे," रूथ म्हणाली. "मी घेतलेलं आहे. असू द्या."

तिने डोक्यावर रुमाल बांधला, सासूने आणलेल्या हिब्रू ग्रंथावर हात ठेवला, आणि राणीशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली. आवाज थोडाही हलला नाही. वकीलसाहेबांनी सही केली. घड्याळात चार पंचावन्न झाले होते.

तीन चाळीस ते चार पंचावन्न. सव्वा तास. माझं उरलेलं सगळं आयुष्य त्या सव्वा तासावर उभं आहे.

नोकरी मिळाली. डब्यात माझ्याशेजारी निळा ब्रिटिश पासपोर्ट राहायला आला. जरा ताठ होता, पण सहवासाने निवळला. आणि पुढच्या उन्हाळ्यात रूथने मला कासेलला नेलं, सगळ्या घरादारासकट. मित्रांनो, आठ वर्षं मी जर्मनीचा पासपोर्ट होतो आणि जर्मनी पाहिली नव्हती! आगगाडीत सरहद्दीवर गणवेशातला एक तरुण अधिकारी आला. हिलेलच्या पासपोर्टावर त्याने शिक्का मारला. बथशेबाबाईंच्या पासपोर्टावर चांगला दणकून मारला, त्या खूश झाल्या. मग रूथने पर्स उघडली. आत निळा होता आणि मी होतो. तिने मला काढलं.

अधिकाऱ्याने मला उघडलं, तिच्याकडे पाहिलं, मला मिटलं आणि परत दिलं. "शुभ दिवस, फ्राऊ झिराडकर," तो म्हणाला आणि पुढच्या डब्यात गेला.

"तुझ्यावर नाही मारला?" बथशेबाबाईंनी काळजीने विचारलं. "बोलाव त्याला परत. विसरला तो."

"विसरला नाही, आई," रूथ म्हणाली. "घरच्यांना मारत नाहीत."

माझ्या बत्तीस पानांवर मुंबईचे, डोव्हरचे, कुठकुठले शिक्के आहेत. पण मला कोणी विचारलं की तुझी सगळ्यांत मोलाची नोंद कोणती, तर मी तो न मारलेला शिक्का दाखवेन.

१९७४ साली माझी मुदत संपली. त्याच बाई होत्या, चष्मा जाड झाला होता. त्यांनी नवा पासपोर्ट दिला आणि कात्रीने माझा कोपरा कापला. दुखलं नाही. जेमिमा बरोबर होती. "ममी, ही पासपोर्ट मेली?" तिने विचारलं. बाईंनी मला टोपलीकडे नेत म्हटलं, "टाकून देऊ?"

"नको," रूथ म्हणाली. "माझा आहे."

तर मित्रांनो, घरातले जुने कागद जपा, त्यांचे कोपरे कापलेले असले तरी. त्यांना फार जागा लागत नाही, बिस्किटाचा एक डबा पुरतो. आणि कुणाच्याही नावाला, सहीला किंवा देशाला हात लावण्यापूर्वी त्या माणसाला आधी विचारा. भल्यासाठी असेल तर जरूर विचारा. हिलेल आता पुन्हा फॉर्म भरतो. पण चौकटीवर पेन टेकवण्यापूर्वी स्वयंपाकघराकडे तोंड करून तो हाक मारतो, "रूथ, भरू का?" आणि आतून हो येईपर्यंत पेनाचं टोपण काढत नाही.